‘सौम्य’ लाठीमार आणि मणक्याचा हिशेब

(इस्लापूर, ता. किनवट येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका निवृत्त अर्थशास्त्र प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वृत्तपत्रांतून आपण वर्षानुवर्षे एक वाक्य वाचत आलो आहोत : ‘पोलिसांनी सौम्य लाठीमार करून जमावाला पांगविले.’ यातले ‘सौम्य’ हे विशेषण कोणी ठरविले, ज्याच्या हातात लाठी होती त्याने की ज्याच्या पाठीवर ती पडली त्याने, हे वार्ताहर विचारीत नाही आणि वाचकालाही विचारावेसे वाटत नाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. आमच्या शास्त्रात कोणत्याही गोष्टीची किंमत बोलण्याआधी ती कोण मोजतो हे पाहावे लागते. कारखान्याने सांडपाणी ओढ्यात सोडले म्हणजे त्याचा उत्पादनखर्च कमी होतो. पण तो खर्च नाहीसा झालेला नसतो, तो खालच्या गावच्या विहिरींच्या माथी बसलेला असतो. लाठीमाराचे अर्थशास्त्र याहून निराळे नाही. सत्याग्रहाचा मंडप उठविण्याचा खर्च शासनाच्या वहीत जवळजवळ शून्य दिसतो, कारण तो कोणाच्या तरी मणक्यात जमा केलेला असतो. हा खर्च समजून घ्यायचा तर मणक्याविषयी थोडे शिकले पाहिजे. ते मी डॉक्टर मित्रांकडून शिकलो, आणि विद्यार्थ्याच्या उत्साहाने आपल्यापुढे मांडणार आहे.

उदाहरण आपल्या मराठवाड्यातलेच घेऊ. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी येथे २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी उपोषण आरंभिले. १ सप्टेंबरला, उपोषणकर्त्याला रुग्णालयात हलविण्याच्या प्रश्नावरून झटापट झाली, लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली. दगडही आले. पोलिस आणि गावकरी, दोन्हीकडची माणसे जखमी झाली, त्यांत स्त्रिया होत्या. ४ सप्टेंबरला गृहखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जखमींची क्षमा मागितली. जिल्ह्याच्या पोलिस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले. मागणीच्या गुणदोषांविषयी या सभेतही दोन मते असतील, ओबीसी बांधवांचे आक्षेप आपण जाणतोच. तो आजचा विषय नव्हे. मला दिसते ते एवढेच, की लाठीमारानंतरच्या आठवड्यात शासनाने निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि १४ सप्टेंबरला मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत उपोषण सुटले. प्रश्न पुढे सरकला तो कागदाने. हा कागद ३१ ऑगस्टला निघू शकला नसता असे कोणत्या अर्थशास्त्राने वा राज्यशास्त्राने सिद्ध करता येईल?

पुढे २०२५ साली तेच आंदोलन मुंबईच्या आझाद मैदानात आले. उच्च न्यायालयाने मैदान रिकामे करण्याचा आदेश दिला. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटविषयीचा शासननिर्णय निघाला, उपोषण सुटले आणि मैदान रिकामे झाले. त्या निर्णयावर वाद आहेत, राहतील. परंतु अंतरवालीपेक्षा कितीतरी मोठा जमाव राजधानीतून घरी गेला, तो बोलणी होऊन गेला. त्याआधी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी निघालेले आदिवासी शेतकरीही असेच लेखी आश्वासन घेऊन मुंबईहून परतले होते. तेव्हा ‘दुसरा मार्गच नव्हता’ हे प्रशासनाचे नेहमीचे वाक्य आपण फार श्रद्धेने ऐकू नये.

आपल्या भागाला परवानगीच्या राज्याची जुनी ओळख आहे. निजामाच्या १९२९ च्या गश्ती निशाण ५३ अन्वये पूर्वपरवानगीशिवाय सभा भरविता येत नसे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. संविधानाने शांततेने व निःशस्त्र जमण्याचा हक्क दिला. त्यावर वाजवी निर्बंध असू शकतात, हेही संविधानच सांगते. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शाहीनबागेच्या प्रकरणी ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटले आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८ बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम देण्याचा अधिकार देते. हुकूम मानला नाही तर बळ वापरता येते. या अधिकाराशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्या बळाच्या मापाविषयी, आणि माप चुकल्यावर भरपाई कोणी करायची याविषयी.

आता शरीराकडे वळू. पाठीचा कणा म्हणजे ३३ मणक्यांची माळ. मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५. त्याखालचे ५ एकमेकांस जुळलेले, आणि शेवटी माकडहाडाचे बहुधा ४. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस हाडाचे कडे असते. ही कडी एकावर एक बसली की एक पोकळ नळी तयार होते, आणि तिच्यातून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. जाडी करंगळीएवढी, लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर. त्याच्या दोन्ही अंगांनी मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. प्रत्येक तंतूला दोन मुळे असतात : मागचे मूळ शरीराची बातमी वर पोचविते, पुढचे मूळ वरचा हुकूम स्नायूंकडे नेते. तहसील कचेरीत आवक बारनिशी निराळी आणि जावक बारनिशी निराळी, तसेच हे. म्हणून एखाद्या जखमीला चिमटा काढलेला कळतो पण बोट हलविता येत नाही, तर दुसऱ्याचे बोट हलते पण चटका कळत नाही. दोघांचीही इजा खरी असते. ‘याला कळते आहे, म्हणजे हा सोंग करतो’ असे म्हणणाऱ्या जमादाराला ही दोन बारनिशींची गोष्ट सांगावी.

या ३१ जोड्यांनी सगळे अंग वाटून घेतले आहे, शिवारातली जमीन गट नंबरांनी वाटलेली असते तसे. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या तंतूंवर छाती व पोट यांमधला श्वासाचा पडदा चालतो. त्याच्या वर मज्जारज्जू निकामी झाला तर माणूस स्वतःचा श्वास घेऊ शकत नाही. मानेतल्या सहाव्याकडे हाताच्या अंगठ्याची संवेदना, आठव्याकडे करंगळीची. छातीतला दहावा बेंबीपाशी येतो. कमरेतला पाचवा पायाचा अंगठा वर उचलतो. आणि अगदी खालचे, जुळलेल्या मणक्यांमधले दुसरा ते चौथा, लघवी व शौच यांवर ताबा ठेवतात. डॉक्टर टाचणी टोचून आणि बोटे हलवायला सांगून इजा कोणत्या मणक्यापाशी झाली असावी हे ओळखतो, ते याच नकाशावरून. प्रौढ माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली नुसता तंतूंचा झुबका लोंबतो. सहस्रकुंडाला पैनगंगा एका पात्रातून येते आणि खडकावरून कितीतरी धारांनी खाली पडते, ते दृश्य डोळ्यांपुढे आणावे. या झुबक्यावर दाब आला तर जांघेभोवतीची जागा बधिर होते आणि लघवी अडते. कंबर दुखते म्हणून घरी पडून राहिलेल्या कार्यकर्त्याला लघवी होत नसेल तर सकाळची वाट पाहू नये.

हातापायातला तंतू तुटला तर तो पुन्हा वाढू शकतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मज्जारज्जूतला धागा असा वाढत नाही. तेथे व्रण धरतो आणि वाट बंद होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की सगळी हानी फटक्याच्या क्षणी होत नाही. पुढच्या काही तासांत सूज येते, रक्तपुरवठा घटतो, आणि शाबूत राहिलेले धागेही मरू लागतात. दाब असेल तर तो लवकर, शक्यतो पहिल्या २४ तासांत काढला तर फायदा अधिक. अशा जखमीला पोलिसांच्या गाडीत कोंबून ठाण्यात रात्रभर बसविणे म्हणजे हे तासच हिरावून घेणे.

लाठीच्या प्रत्येक फटक्याने मज्जारज्जू तुटतो असे मी म्हणत नाही. धडधाकट माणसाच्या पाठीवर बहुतेक वेळा वळ उठतात, स्नायू चेचतात, फार तर मणक्याचे बाहेरचे टोक मोडते. पण मंडपातली माणसे कशी असतात ते पाहा. ती मोर्च्यातल्यासारखी उभी नसतात. बसलेली असतात, झोपलेली असतात. उभ्या माणसाच्या पोटरीवर मारता येते. बसलेल्याच्या बाबतीत लाठीच्या पल्ल्यात येतात डोके, मान, खांदे आणि पाठ. तो डोके वाचविण्यासाठी वाकतो, तेव्हा मान उघडी पडते. त्याला एका हाताला धरून फरफटत नेले म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या तंतूंची जाळी ताणली जाते, कधी तुटते; मग वर्षभर तो हात लोंबत राहतो. चौघांनी हातपाय धरून उचलून गाडीत फेकले तर काय होईल ते सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत लाठीचा प्रहार डोके, मान, कणा, मूत्रपिंडे, छाती व पोट यांवर टाळावा असे स्पष्ट लिहिले आहे. बसलेल्या माणसाच्या बाबतीत हा सल्ला पाळायचा तर लाठी मुळात उगारताच येणार नाही.

आणि पळापळ. नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर आलेल्या गोवारींच्या मोर्च्यात ११४ माणसे मेली, बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. ती चेंगरून मेली. लाठीची भीती लाठीपेक्षा लांब पोचते.

मणक्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके प्रकरण दिल्लीचे. ४ जून २०११ च्या मध्यरात्रीनंतर रामलीला मैदानावरचा रामदेव यांचा मंडप पोलिसांनी उठविला. त्या गृहस्थांचे राजकारण आपले नाही, कधीच नव्हते. पण झोपलेल्या माणसांचे हक्क मंडपाच्या मालकावरून ठरत नसतात. गुरगावहून आलेल्या एका ५१ वर्षांच्या बाईच्या मानेतल्या मणक्याला तेथे इजा झाली. ती हातापायांनी लुळी पडली आणि २६ सप्टेंबरला, ११३ दिवसांनी, रुग्णालयात वारली. ती लाठीने पडली की गर्दीत, यावर वाद झाला. मज्जारज्जूला त्या वादाशी कर्तव्य नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि २३ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात झोप हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. मृत स्त्रीच्या वारसांना ५ लाख, जबर जखमींना ५० हजार, किरकोळ जखमींना २५ हजार रुपये ठरले. त्यातला चौथा हिस्सा आयोजक संस्थेने द्यावा असेही ठरले, ही गोष्ट मंडप घालणाऱ्या आपणही लक्षात ठेवावी. बाहेर जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे हे आपलेही काम आहे.

या रकमांकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहा. कामावर असता मजूर कायमचा निकामी झाला तर त्याला किती द्यायचे याचे कोष्टक या देशात १९२३ च्या कायद्यापासून आहे, आणि ते आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे. मजुरीच्या ६० टक्के घ्या, त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणा. महिना १५ हजार धरलेला चाळीस वर्षांचा कामगार असेल तर ९ हजार गुणिले १८४.१७, म्हणजे १६ लाख ५७ हजार ५३० रुपये. ही रक्कमही पुरेशी नाही, पण ती हक्काची आहे. मालकाची चूक सिद्ध करीत बसावे लागत नाही. तोच माणूस सुटीच्या दिवशी धरण्याला बसला आणि त्याच मणक्याला तीच इजा झाली, तर कोष्टक नाही, मुदत नाही, हक्क नाही. रुदुल शहा प्रकरणापासून, म्हणजे १९८३ पासून, मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल न्यायालये शासनाला भरपाई द्यायला लावू शकतात हे खरे. त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. किनवट तालुक्यातला कोलाम किंवा बंजारा मजूर खाटेवरून औरंगाबादच्या खंडपीठापर्यंत कसा जाणार? शासनाला लाठी जवळजवळ फुकट पडते, आणि फुकट मिळणारी वस्तू कोणीही काटकसरीने वापरीत नाही. तहसीलदाराला बोलणी करायला चार दिवस आणि थोडा कमीपणा खर्ची घालावा लागतो, लाठीला वीस मिनिटे. हिशेबाची वही अशीच राहिली तर तो काय निवडील हे सांगायला प्राध्यापक कशाला हवा?

मग ही किंमत वहीत चढवायची कशी? येथे कागदाचा प्रश्न येतो, आणि येथेच आपण नेहमी हरतो. जखमी सरकारी दवाखान्यात जातो, क्ष-किरण चित्र निघते, हाड शाबूत दिसते, आणि एमएलसीच्या कागदावर ‘साधी दुखापत’ असे लिहिले जाते. क्ष-किरणात हाड दिसते. मज्जारज्जू दिसत नाही. उतारवयात मानेतली नळी आधीच अरुंद झालेली असते. अशी वृद्धा धक्क्याने तोंडावर पडली, मान झटक्याने मागे गेली, तर हाड न मोडताही मज्जारज्जूच्या मधल्या भागाला इजा होते. तिचे पाय बऱ्यापैकी चालतात, पण हातांतली शक्ती जाते. चालत आली म्हणून तिला घरी पाठवितात, आणि घरी गेल्यावर तिला भाकरी थापता येत नाही, वेचणीला जाता येत नाही. हे ओळखायला टाचणी, बोटे हलविण्याची तपासणी आणि एमआरआय लागतो. इस्लापुरातून त्यासाठी हिमायतनगर-भोकरच्या वाटेने नांदेड गाठावे, नाहीतर आदिलाबाद.

कायद्याची शब्दरचनाही हाडाच्याच बाजूची आहे. न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे दात मोडला तर ती जबर दुखापत. मज्जातंतू चेचला तर मात्र अवयवाची शक्ती कायमची घटली, जीव धोक्यात आला, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या वा नेहमीचे व्यवहार करता आले नाहीत, हे दाखवावे लागते. पूर्वीच्या दंडसंहितेत हे दिवस २० होते. तेव्हा पंधराव्या दिवशी पुन्हा तपासणी करून घेणे आणि तिचा कागद घेणे हे औषधाइतकेच आवश्यक आहे. अटक झाली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे वैद्यकीय अधिकाऱ्याने जखमांची व त्यांच्या अंदाजे वेळेची नोंद करावयाची असते आणि तिची प्रत अटक झालेल्याला द्यावयाची असते. ही प्रत आपण मागतच नाही. जामिनाच्या घाईत विसरतो.

ज्याचा मज्जारज्जू गेला त्याचे पुढे काय? दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे रुग्ण बहुधा दोनेक वर्षांत शय्याव्रणांनी आणि मूत्रपिंडाच्या विकाराने मरत. इंग्लंडात लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून दाखवून दिले की दर दोन तासांनी कुशीवर वळविणे, मूत्राशयाची निगा आणि व्यायाम, एवढ्यावर ही माणसे पुष्कळ वर्षे जगतात आणि कामही करतात. आपल्या सांगली जिल्ह्यातील सैनिक मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले. १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. जखमी सैनिकांसाठी खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे, आणि ते असलेच पाहिजे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी एका दिवसात २४ रुग्ण दगावल्याचे, त्यांत १२ नवजात बालके असल्याचे, सर्व देशाने वाचले. जेथे रोजच्या रुग्णालाच माणसे आणि औषधे पुरत नाहीत, तेथे दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? ते काम घरच्या बाईच्या वाट्याला येते. तिची मजुरी बुडते, मुलीची शाळा सुटते. कारखान्याचे सांडपाणी आणि खालच्या गावची विहीर म्हणालो होतो, ती ही विहीर.

पोलिसाच्या मणक्याचे काय, असे कोणी विचारील, आणि विचारावे. शिपायाचा मज्जारज्जूही तेवढाच नाजूक आहे. दगड मारणारा आंदोलक त्याच तंतूंवर दगड मारतो. शिपायाला उपचारखर्च, रजा व वेतन मिळते, ते कमी करा असे मी म्हणणार नाही. तेच संरक्षण समोरच्याला द्या असे म्हणेन. आणि आपल्या मंडपातून पहिला दगड जाणार नाही ही जबाबदारी घेईन.

सत्ता आपली असली तरी हाच नियम लागू. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे सरकार असताना पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया यांनी तुरुंगातून आपल्याच सरकारच्या राजीनाम्याची मागणी केली. पक्षाने ती मानली नाही. पुढच्या वर्षी पक्ष फुटला. लोहियांनी पक्षाची हानी केली असे म्हणणारे ज्येष्ठ साथी मी पाहिले आहेत. माझ्या मते त्या मागणीएवढी मोलाची पुंजी समाजवाद्यांच्या खात्यात फारशी नाही. ती खर्च न करता आपण नुसती जयंतीला मोजतो.

आता कामाचे. मंडपात एक वही ठेवा : कोण जखमी, किती वाजता, कोठे लागले, हातापायांची बोटे हलतात का, टोचलेले कळते का, लघवी झाली का. मान दुखते किंवा हातपाय बधिर आहेत असे जो म्हणेल त्याला बसवू नका, उभे करून पाहू नका, पाणी पाजण्यासाठी मान उचलू नका. रक्तस्राव दिसत नसताना नाडी मंद आणि रक्तदाब उतरलेला असेल तर ते मणक्याच्या इजेचे लक्षण असू शकते. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. मंडप उठविण्यापूर्वी लेखी सूचना, पुरेसा अवधी, रात्री कारवाई नाही, जागेवर रुग्णवाहिका, आणि जखमींसाठी कामगारांच्या धर्तीवर भरपाईचे कोष्टक, अशा मागण्यांचा मसुदा मी अध्यक्षांकडे दिला आहे. उद्याच्या बैठकीत त्यावर भांडा, दुरुस्त्या सुचवा.

जेवणाच्या सुटीपूर्वी डॉक्टर साथी येथेच सतरंजीवर प्रात्यक्षिक दाखविणार आहेत : एकाने डोके दोन्ही हातांनी धरायचे, तिघांनी खांदा, कंबर आणि पाय, आणि डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर सगळे अंग ओंडक्यासारखे एकदम वळवायचे, मग फळी किंवा दाराची झडप खाली सरकवायची. त्यासाठी चार जण पुढे या. बायकांनीही यावे, कारण मंडपात पुढच्या रांगेत आपण त्यांनाच बसवितो. आणि जखमी म्हणून झोपायला एक जण हवा. जरा वजनदार असला तर बरे.